चुकलेले स्पेलिंग काय सांगते

पुणे-दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगाव यांच्या दरम्यान असलेल्या खुटबाव स्थानकाचे नाव देवनागरीबरोबरच रोमन लिपीतही लिहिले जाते: के एच यू टी बी ए व्ही. देवनागरीतले नाव वाचताना शंकेला जागा राहत नाही. रोमनमध्ये मात्र यू ऱ्हस्व आहे की दीर्घ, टी म्हणजे त की ट, ए म्हणजे अ की आ, हे ज्याला गाव आधीच ठाऊक आहे त्यालाच उमगते, आणि परक्या माणसाने ते 'खुतबव' असे वाचले तर त्याला दोष देता येत नाही. तरीही या लेखनामागे एक सरळ नियम आहे. मराठी ध्वनी ऐकावा, त्याच्यासाठी ठरलेले रोमन अक्षर मांडावे आणि पुढे जावे, एवढाच तो नियम. खेड्यातल्या मुलाची रोमन अक्षरांशी ओळख बहुधा याच वाटेने होते. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, गाव, तालुका हे सारे या नियमात बसते आणि इंग्रजी लिहिणे म्हणजे हेच, असा समज त्याच्या मनात घट्ट होतो. पुढे त्याच अक्षरांनी लिहिलेला 'नाइफ' हा शब्द के या अक्षराने सुरू होतो असे त्याला सांगितले जाते, तेव्हा त्या मुलाने काहीही चुकीचे केलेले नसते. मोडलेला असतो तो नियम.

स्पेलिंग चुकणे हा निष्काळजीपणा समजण्याची रीत मराठी शाळेत आणि मराठी घरात जुनी आहे. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावणे हा त्यावरचा सर्वमान्य उपाय, आणि तरीही सुधारणा झाली नाही तर मूल 'ढ' ठरते. वस्तुस्थिती अशी आहे की वहीत सारख्याच दिसणाऱ्या लाल खुणांमागे अगदी वेगवेगळी कारणे असतात. काही चुका इंग्रजीच्या इतिहासातून आलेल्या असतात, काही मराठी कानाने ऐकल्यामुळे होतात, काही शिकवण्याच्या पद्धतीतून येतात आणि थोड्या मुलांच्या बाबतीत मेंदूच्या जन्मजात रचनेतून. ही कारणे एकमेकांपासून वेगळी करता येतात, कारण चुकलेले स्पेलिंग फारच क्वचित निरर्थक असते. मुलाने कोणता तर्क लावला हे त्या चुकीतच लिहिलेले असते.

परक्या भाषेचे ध्वनी आपल्या सवयीच्या अक्षरांत पकडताना होणारी गफलत ही काही मराठी माणसाचीच मक्तेदारी नाही. इंग्रज अधिकारी या मुलखात आले तेव्हा त्यांनी गावांची नावे कानाला जशी वाटली तशी लिहिली. पुण्याचे पी ओ ओ एन ए झाले, शिरूरचे एस ई आर ओ ओ आर झाले आणि दौंडचे डी एच ओ एन डी. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगाव येथे झालेल्या लढाईचा मान ज्या पलटणीला मिळाला, तिच्या सन्मानचिन्हात कोरेगावचे स्पेलिंग सी ओ आर वाय जी ए यू एम असे आहे. या लेखनात ऊ या स्वरासाठी दोन ओ वापरलेले दिसतात, कारण इंग्रजी वाचणाऱ्याला ऊ असाच लिहिलेला ओळखीचा होता. त्यावर उपाय म्हणून विल्यम विल्सन हंटर यांच्या नावाने ओळखली जाणारी लिप्यंतरपद्धती, म्हणजे एका लिपीतील अक्षरे दुसऱ्या लिपीत बदलण्याची ठरावीक रीत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने स्वीकारली. तीत ऊसाठी यू आणि ईसाठी आय आला, आणि आज शिरूर किंवा खुटबाव रोमनमध्ये ज्या रीतीने लिहिले जाते ती बहुतांशी त्याच पद्धतीची आहे. म्हणजे भारतीय नावांसाठी रोमन लेखनाची शिस्त लावली गेली; खुद्द इंग्रजी शब्दांना मात्र ती कधीच लागली नाही.

ती का लागली नाही, हे समजण्यासाठी इंग्रजीच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते. १०६६ साली फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढची काही शतके राज्यकारभाराची भाषा फ्रेंच राहिली. इंग्रजी लिहिणारे लेखनिक फ्रेंच वळणावर तयार झालेले असल्याने त्यांनी जुने शब्द नव्या रीतीने लिहायला सुरुवात केली. 'क्वीन' या शब्दात पूर्वी असलेल्या सी आणि डब्ल्यू यांच्या जागी क्यू आणि यू आले ते त्यामुळेच. पुढे १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टन याने वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधील पहिला छापखाना काढला. छपाईमुळे शब्दांची रूपे हळूहळू पक्की होत गेली, पण नेमक्या त्याच काळात, म्हणजे साधारणपणे १४०० ते १७०० या तीन शतकांत, इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे उच्चार एकामागून एक सरकत होते. भाषाशास्त्रात या घटनेला महास्वरपरिवर्तन म्हणतात. आज 'नेम' असा उच्चारला जाणारा शब्द त्याआधी 'नामे'च्या जवळपास उच्चारला जात असे आणि 'टाइम' हा 'टीमे'च्या जवळपास. उच्चार पुढे निघून गेला, लेखन मागे राहिले.

खुटबावसारख्या उसाच्या पट्ट्यात ज्याला कोणी परका मानणार नाही असा 'पाईप' हा शब्द या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पी आय पी ई या स्पेलिंगमध्ये मराठी मुलाला दोन गोष्टी खटकतात: 'आइ' या संयुक्त स्वरासाठी एकच आय कसा पुरतो, आणि शेवटचा ई तिथे काय करतो. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'पीपे'सारखा उच्चारला जात असे, म्हणजे आय हा सरळ ई होता आणि शेवटचे अक्षर खरोखरच बोलले जात होते. स्वर सरकला तेव्हा ईचा आइ झाला आणि अखेरचा स्वर गळून पडला, पण अक्षरे जागेवरच राहिली. शेवटच्या ईला मग नवे काम मिळाले: आपण स्वतः गप्प राहून आधीच्या स्वराचा उच्चार कसा करायचा हे सांगणे. मूल 'पाईप'साठी पी ए आय पी असे लिहिते तेव्हा ते आजचा उच्चार प्रामाणिकपणे नोंदवत असते. स्पेलिंग मात्र सहाशे वर्षांपूर्वीच्या उच्चाराची नोंद असते.

'नाइफ'मधला के आणि 'नाइट'मधले जी एच हीदेखील एके काळी उच्चारली जाणारी अक्षरे. दुसऱ्या बाजूला काही मूक अक्षरे कधीच उच्चारली गेली नाहीत. ती विद्वानांनी मागाहून घुसडली. कर्ज या अर्थाचा 'डेट' हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता. मूळ लॅटिन शब्दात ब आहे हे दाखवण्याच्या हौसेने तो घालण्यात आला. बेट या अर्थाच्या 'आयलंड' शब्दातला एस तर चुकीच्या व्युत्पत्तीमुळे आला, कारण त्या शब्दाचा लॅटिनमधील ज्या शब्दाशी संबंध जोडला गेला त्याच्याशी त्याचे नातेच नव्हते. १७५५ मध्ये सॅम्युअल जॉन्सनचा कोश प्रसिद्ध झाला आणि तोपर्यंत रूढ झालेल्या बऱ्याच रूपांना प्रतिष्ठा मिळाली. नोआ वेब्स्टरने १८२८ च्या आपल्या अमेरिकन कोशात काही शब्द सोपे केले, म्हणून अमेरिकेत 'कलर'मधला यू गेला. १९०६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ३०० शब्दांची सुलभ रूपे सरकारी छपाईत आणण्याचा आदेश दिला, तो तिथल्या काँग्रेसने हाणून पाडला.

मराठी वाचकाला इथे एक गोष्ट आठवायला हवी. मराठी लेखनातही अशी मूक चिन्हे होती. 'नांव', 'कांहीं', 'घरें' असे शब्द अनुस्वार देऊन लिहिले जात. त्यांतले कित्येक अनुस्वार एके काळच्या सानुनासिक उच्चाराची खूण म्हणून उरले होते आणि बोलण्यात त्यांचा मागमूस राहिला नव्हता. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये राज्य शासनाने स्वीकारले आणि असे अनुच्चारित अनुस्वार एका निर्णयाने गेले. इंग्रजीला असे महामंडळ नाही. ती अनेक देशांची भाषा आहे, तिच्या लेखनावर कोणाचीच अंतिम सत्ता नाही, आणि म्हणून तिच्यातले जुने अनुस्वार अजून तसेच आहेत.

अर्थात इंग्रजी स्पेलिंग म्हणजे निव्वळ अंदाधुंदी, हा समजही खरा नाही. १९६६ मध्ये अमेरिकेत पॉल हॅना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सतरा हजारांहून अधिक शब्द संगणकाला दिले आणि केवळ ध्वनी व अक्षर यांच्या संबंधाचे नियम वापरून स्पेलिंग करायला लावले, तेव्हा सुमारे निम्मे शब्द बिनचूक आले आणि आणखी ३७ टक्के शब्दांत एकाच ध्वनीची चूक झाली. नियम आहेत, पण ते पुष्कळ आहेत, ते शब्दातल्या जागेवर आणि शब्दाच्या मूळ भाषेवर अवलंबून आहेत, आणि खुद्द इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांनाही ते पचायला वेळ लागतो. फिलिप सेमूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तेरा युरोपीय लेखनपद्धतींच्या तुलनेत पहिल्या वर्षाच्या अखेरीस बहुतेक भाषांतील मुले ओळखीचे शब्द ९० टक्क्यांहून अधिक बरोबर वाचत होती, तर इंग्रजी शिकणारी स्कॉटलंडमधली मुले सुमारे ३४ टक्केच. ज्या लिपीत अक्षर आणि ध्वनी यांचे नाते सरळ असते तिला पारदर्शक लेखनपद्धती म्हणतात आणि ज्यात ते गुंतागुंतीचे असते तिला अपारदर्शक. फिनिश आणि इटालियन पहिल्या टोकाला आहेत, इंग्रजी दुसऱ्या.

मराठी पहिल्या टोकाच्या बरीच जवळ आहे, पूर्णपणे टोकाला नाही. 'चहा' आणि 'चाक' यांतला च एकाच अक्षराने लिहिला जातो, तरी उच्चार दोन आहेत. ज आणि झ यांचेही तसेच. इ-ई आणि उ-ऊ यांतला ऱ्हस्व-दीर्घ भेद तर लेखनात काटेकोर पाळावा लागतो, पण आजच्या बोलीत तो जवळजवळ अर्थभेदक राहिलेला नाही, आणि म्हणूनच सुशिक्षित माणसाचेही वेलांटी-उकार चुकतात. 'कवि' आणि 'कवी' यांपैकी कोणते रूप बरोबर, हे कानाला विचारून कळत नाही, नियम आठवावा लागतो. ज्याला मराठीतली ही अडचण जाणवली आहे त्याला इंग्रजी स्पेलिंगच्या अडचणीचे मर्म आधीच ठाऊक आहे.

याच ऱ्हस्व-दीर्घ भेदाचा फटका इंग्रजी लिहिताना दुसऱ्यांदा बसतो. इंग्रजीत 'शिप' आणि 'शीप' हे दोन निराळे शब्द आहेत आणि त्यांतला फरक स्वराच्या जातीचा आहे. मराठी कानाला तो ठळक ऐकू येत नाही, म्हणून जहाज लिहिताना दोन ई पडतात आणि मेंढी लिहिताना एक आय. व्ही आणि डब्ल्यू यांचा गोंधळही असाच. मराठीत एकच व आहे, इंग्रजीत दातांनी ओठ दाबून काढलेला एक आणि ओठ गोल करून काढलेला दुसरा असे दोन. ज्याच्या तोंडात भेद नाही त्याच्या लेखणीत तो कुठून यावा? 'वॉटर' व्हीने आणि 'व्हॅन' डब्ल्यूने सुरू करणारे मूल ध्वनी नीटच ऐकत असते, फक्त मराठी खात्यात जमा करत असते.

जोडाक्षरांचा प्रकार याहून सूक्ष्म आहे. 'पक्का', 'कच्चा', 'गल्ली' या मराठी शब्दांत व्यंजन दोनदा लिहिले जाते कारण ते खरोखर दुप्पट वेळ उच्चारले जाते. इंग्रजीत 'डिनर'मध्ये दोन एन आहेत, पण उच्चारात एकच न आहे. दुसरा एन एवढेच सांगतो की आधीचा आय आखूड आहे आणि शब्द 'डायनर' नाही. द्वित्त ऐकूनच लिहायची सवय असलेल्या मराठी मुलाला हा दुसरा एन ऐकू येत नाही, म्हणून ते तो लिहीत नाही, आणि लिहायला लावला तर पुष्कळदा 'डिन्नर' असा उच्चार करू लागते. दोन्ही वेळा ते आपल्या लिपीशी इमान राखते.

शब्दाच्या शेवटच्या आघातहीन स्वराची कथा यापुढची. इंग्रजी शब्दात एका अवयवावर जोर पडतो आणि बाकीचे स्वर इतके दुबळे होतात की त्यांची मूळ जात ओळखू येत नाही. 'कॅलेंडर' ए आर ने संपतो, 'टीचर' ई आर ने आणि 'डॉक्टर' ओ आर ने, पण तिन्हींच्या शेवटी ऐकू येतो तो एकच अर. मराठीने हे शब्द घेतले तेव्हा तिन्ही 'अर'नेच लिहिले, आणि ते योग्यच केले. दौंड तालुक्यातल्या शेतकरी घरातल्या मुलाला ट्रॅक्टर, स्टार्टर, मोटर, पंप, व्हॉल्व्ह हे शब्द शाळेत जाण्याआधीपासून माहीत असतात. ते त्याच्या मराठीचेच शब्द असतात आणि मनात ते देवनागरीतच उमटतात. 'ट्रॅक्टर' लिहिताना मधला क सी ने लिहायचा की के ने, शेवटी ओ आर की ई आर, याचे उत्तर मनातल्या देवनागरी रूपात नसते. 'व्हॉल्व्ह'मध्ये तर मराठी उच्चार ऑ असा असताना स्पेलिंगमध्ये ए आहे. शब्द जितका ओळखीचा, तितकी त्याची मराठी प्रतिमा पक्की आणि इंग्रजी रूप शिकताना तिचा अडथळाही तितकाच मोठा, असा हा उलटा हिशेब आहे. पंपाची मोटर खोलून पुन्हा जोडणाऱ्या मुलाला 'मोटर' लिहिता येत नाही म्हणून त्याची अक्कल काढली जाते, हे या साऱ्या प्रकरणातले सर्वांत खेदजनक चित्र आहे.

देवनागरीची आणखी एक सवय लेखणीत उतरते. देवनागरीत व्यंजनात अ अध्याहृत असतो, म्हणजे न लिहिता गृहीत धरलेला असतो. क म्हणजे क् अधिक अ. त्यामुळे नवशिके मूल 'कमल' हे नाव रोमनमध्ये के एम एल एवढ्यावरच आटोपते तेव्हा त्याने स्वर गाळलेला नसतो, तो व्यंजनात आहेच असे मानलेले असते. ही चूक थोड्या सरावाने जाते, पण ती ओळखली गेली तर.

शिकवण्याच्या पद्धतीने या अडचणी किती वाढतात हे 'सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर' या पिढ्यानपिढ्यांच्या घोषात ऐकू येते. मराठी अक्षराचे नाव आणि त्याचा ध्वनी एकच असतो. क या अक्षराला क म्हणतात आणि ते क असेच वाजते. इंग्रजी अक्षराचे नाव मात्र ध्वनीपासून दूर असू शकते. डब्ल्यू या नावात व नाही, एच या नावात ह नाही, वाय या नावाची सुरुवात य ने होत नाही. सी, ए, टी ही तीन नावे भराभर म्हणून 'कॅट' तयार होत नाही, 'सीएटी' तयार होते. मूल ती तीन नावे आणि तो शब्द यांची जोडी मंत्रासारखी पाठ करते. स्मरणशक्ती तल्लख असलेली मुले अशा शेकडो जोड्या साठवतात आणि हुशार ठरतात, पण न पाहिलेला शब्द आला की दोघेही, म्हणजे हुशार ठरलेला आणि ढ ठरलेला, एकाच जागी अडतात. याला पर्याय म्हणून अक्षरांची नावे बाजूला ठेवून त्यांचे ध्वनी आणि ध्वनींची जुळणी शिकवण्याची पद्धत, जिला फोनिक्स म्हणतात, इंग्लंडमध्ये २००६ च्या रोझ अहवालानंतर सार्वत्रिक झाली. मराठी मुलाला ती पद्धत मुळात परकी नाही, कारण बाराखडी हेही ध्वनी जुळवण्याचेच शिक्षण आहे. मात्र इंग्रजी फोनिक्सचे ध्वनी इंग्रज कानासाठी बेतलेले आहेत आणि शिप-शीप, व्ही-डब्ल्यू यांसारख्या ठिकाणी मराठी मुलाला आधी ऐकायला शिकवावे लागते, मगच लिहायला.

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पूर्वी पाचवीपासून शिकवले जाई. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० सालापासून ते पहिलीपासून सुरू झाले. या निर्णयाने खेड्यातल्या मुलाला इंग्रजीची लवकर ओळख झाली हे खरे, पण जे मूल अजून मराठी जोडाक्षरांशी झगडत आहे त्याच्यासमोर त्याच वर्षी दुसरी, नियम मोडणारी लिपीही आली. अक्षर हे एकक असलेल्या भारतीय लिप्या शिकायला वाटतो त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. कन्नड शिकणाऱ्या मुलांवर सोनाली नाग यांनी केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे स्पष्ट दिसले, कारण या लिप्यांत सव्वीस नव्हे, तर स्वरचिन्हे आणि जोडाक्षरे धरून शेकडो आकार आत्मसात करावे लागतात. पहिली लिपी पक्की होण्याआधी दुसरी आल्यास दोन्हींचे नियम एकमेकांत मिसळणे स्वाभाविक आहे.

सेमी इंग्रजीने, म्हणजे मराठी माध्यमातच गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवण्याच्या व्यवस्थेने, स्पेलिंगचे वजन आणखी वाढवले. समांतर रेषेचा गुणधर्म सांगता येणाऱ्या मुलाला 'पॅरलल' लिहिताना तीनपैकी कोणते दोन एल शेजारी येतात हे आठवावे लागते. 'फोटोसिंथेसिस' लिहिताना फसाठी पी एच आणि इसाठी वाय का, हे ग्रीक माहीत असल्याशिवाय कळायला मार्ग नाही. 'समांतर' आणि 'प्रकाशसंश्लेषण' हे शब्द तोच मुलगा ऐकून लिहू शकला असता. विषयाचे ज्ञान तपासताना स्पेलिंगचे गुण कापले गेले तर उत्तरपत्रिका नेमके काय मोजते, हा प्रश्न शिक्षकांनी स्वतःला गांभीर्याने विचारण्यासारखा आहे.

आतापर्यंतची कारणे सर्व मुलांना कमी-अधिक लागू पडतात. काही मुलांची अडचण मात्र याहून खोल असते. ७ नोव्हेंबर १८९६ रोजी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डब्ल्यू. प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख होता, अंक सहज वाचत होता, पण वर्षानुवर्षे शिकवूनही त्याला शब्द वाचता येत नव्हते आणि स्वतःचे नाव लिहिताना त्याने ई आणि आर यांची अदलाबदल केली होती. शिक्षण सगळे तोंडी असते तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत मॉर्गन यांनी नोंदवले. या अवस्थेला आज डिस्लेक्सिया म्हणतात. महाराष्ट्रात हा शब्द घराघरांत पोहोचला तो डिसेंबर २००७ मध्ये आलेल्या 'तारे जमीन पर' या चित्रपटामुळे. त्याचे ऋण मोठे आहे, पण त्यामुळे अक्षरे उलटी दिसणे म्हणजे डिस्लेक्सिया असा समजही पसरला. बी आणि डी यांची अदलाबदल सर्वच नवशिकी मुले करतात. डिस्लेक्सियाच्या मुळाशी बहुतेकदा दृष्टीचा दोष नसून ध्वनिजाणिवेचा असतो, म्हणजे बोललेला शब्द सुट्या ध्वनींत फोडून ते ध्वनी क्रमाने मनात धरून ठेवण्याची क्षमता कमी असते. ही अवस्था घराण्यात चालत येते, तिचा बुद्धिमत्तेशी संबंध नसतो आणि ती आळसाने येत नाही किंवा मार देऊन जात नाही.

लिपीचा आणि या अवस्थेचा संबंध मात्र विलक्षण आहे. १९९९ मध्ये टाएको वायडेल आणि ब्रायन बटरवर्थ यांनी जपानमध्ये वाढलेल्या, घरी इंग्रजी बोलणाऱ्या एका मुलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तो जपानी उत्तम वाचत-लिहीत होता आणि इंग्रजीत मात्र त्याला तीव्र डिस्लेक्सिया होता. २००१ मध्ये एराल्डो पाउलेसू आणि सहकाऱ्यांनी इटालियन, फ्रेंच आणि इंग्रज प्रौढांच्या मेंदूंची तुलना केली तेव्हा डिस्लेक्सिया असलेल्या तिन्ही गटांत वाचताना मेंदूच्या डाव्या बाजूचा तोच भाग कमी सक्रिय आढळला, पण प्रत्यक्ष वाचनात इटालियन लोक कितीतरी कमी चुकत होते. म्हणजे मूळ अवस्था एक असली तरी पारदर्शक लिपी तिला झाकते आणि अपारदर्शक लिपी तिला उघडे पाडते. मराठी माध्यमातल्या मुलाच्या बाबतीत याचा अर्थ असा की मराठी तो बरोबर पण फार सावकाश वाचतो, जोडाक्षरापाशी थबकतो, आणि इंग्रजी आले की एकदम कोसळतो. मराठी 'येते' म्हणून त्याची अडचण कोणाच्या लक्षात येत नाही.

कायद्याने या मुलांची दखल उशिरा का होईना घेतली. महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती देण्यास सुरुवात केली. जादा वेळ, लेखनिक आणि स्पेलिंगच्या चुकांकडे दुर्लक्ष या त्यांतल्या प्रमुख. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली, आणि शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या अध्ययन अक्षमता केंद्राने पुढे अशा हजारो मुलांची तपासणी केली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट समावेश झाला आणि २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी शाळेत प्राथमिक चाळणी व्हावी असे ठरले. या व्यवस्थेचा लाभ प्रथम मिळाला तो महानगरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांना, कारण केंद्रे तिथे होती आणि पालकांना शब्द माहीत होता. तालुक्याच्या शाळेतल्या मुलापर्यंत पोहोचायचे असेल तर सुरुवात रुग्णालयातून होऊ शकत नाही. ती वर्गातल्या वहीतूनच व्हावी लागते.

त्या वहीत काय शोधायचे, हे 'वॉटर' या एका शब्दावरून दाखवता येते. एका मुलाने तो व्ही ए टी ए आर असा लिहिला, तर त्याला सर्व ध्वनी क्रमाने ऐकू आले आहेत आणि त्याने ते मराठी नियमाने मांडले आहेत. त्याला डब्ल्यूचा उच्चार तोंडाने करून दाखवणे आणि ई आर ने संपणारे शब्द एकत्र मांडून दाखवणे पुरेसे असते, दहा वेळा लिहायला लावण्याची गरज नसते. दुसऱ्याने डब्ल्यू ए टी टी ई आर लिहिला, तर तो इंग्रजीच्या नियमांत शिरला आहे. द्वित्ताचा नियम त्याने 'बटर'वरून उचलला आणि नको तिथे लावला, आणि ही चूक प्रगतीची खूण आहे. तिसऱ्याने डब्ल्यू टी ए आर लिहिले, दुसऱ्या दिवशी तोच शब्द डब्ल्यू ए आर टी असा लिहिला आणि तिसऱ्या दिवशी आणखी वेगळा, तर ध्वनींचा क्रमच हातातून निसटतो आहे. अशा मुलाची मराठीची वही उघडावी, त्याला अनोळखी उतारा मोठ्याने वाचायला द्यावा आणि बरोबर-चूक न पाहता त्याला लागणारा वेळ पाहावा. मराठीतही तो शेजारच्या मुलाच्या दुप्पट वेळ घेत असेल, तर पालकांना बोलावून तपासणीचा विषय काढण्याची वेळ आलेली असते.